उजेड हवा, धग नको!

सुरुवातीलाच एक कबुली देते. फर्स्ट इयरला अप्लाइड फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला मी खोटी रीडिंग्ज लिहिली होती. आमच्या अख्ख्या बॅचनेच लिहिली होती म्हणा, पण म्हणून माझी काही खरी ठरत नाहीत!

प्रयोग होता सेमीकंडक्टरचा एनर्जी गॅप काढण्याचा. जर्मेनियमचा डायोड तेलात बुडवायचा, उलटा जोडायचा, तेल तापवत न्यायचं आणि दर पाच अंशांनी करंट लिहायचा. मग हीटर बंद करायचा आणि तेल गार होताना तेच करंट पुन्हा लिहायचे. तेल गार व्हायला वेळ लागतो आणि आमचं सगळं लक्ष कॅन्टीनच्या पोह्यांकडे. म्हणून चढती रीडिंग्ज खरी घेतली आणि उतरत्या कॉलममध्ये तेच आकडे खालून वर उतरवले. उत्तर आलं ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अगदी पुस्तकातल्यासारखं.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी जर्नल चाळलं, दोन्ही कॉलमभोवती पेन्सिलने एक गोल काढला आणि शांतपणे विचारलं, "तापताना आणि गार होताना सगळे आकडे दशांशापर्यंत सारखे? फार गुणी तेल आहे तुझं!" मार्क्स त्यांनी कापले नाहीत. कापले असते तर बरं झालं असतं, मी विसरून तरी गेले असते. तो पेन्सिलचा गोल मात्र अजून जर्नलमध्ये आहे.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे माझा मामा.

आमचं घर धुळ्याला, कॉलेज जळगावला. मधले नव्वदेक किलोमीटर एस.टी.ने जाताना पारोळा लागतं आणि त्याच बाजूला मामाचं शेत आहे. त्याने विहिरीवर सोलर पंप बसवलाय. मागच्या मे महिन्यात मी सुट्टीत गेले तेव्हा मामा वैतागलेला होता. फेब्रुवारीत भर दुपारी पंप जेवढं पाणी ओढायचा, तेवढं मे महिन्यात ओढत नव्हता. मला बघितल्याबरोबर त्याने विचारलं, "बेटा, ऊन इतलं कडक शे, मंग पानी कमी कसं येस?" घरात इंजिनिअर होऊ घातलेली एकटी मीच. बाकी सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले.

आणि माझी बोबडी वळली. दोन कारणांनी. एक तर उत्तर नक्की माहीत नव्हतं. दुसरं म्हणजे जे थोडंफार माहीत होतं ते मराठीत सांगता येईना. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे 'लाइट' वेगळा, 'हीट' वेगळी, 'टेम्परेचर' वेगळं, हे इंग्रजीतून पाठ झालं होतं. मामाकडे या सगळ्याला मिळून एकच शब्द होता, 'ऊन'. मी अडखळत अडखळत सांगितलं की मामा, उन्हात दोन गोष्टी असतात. शेवटी माझ्या मदतीला मामीच धावली. ती म्हणाली, म्हणजे उजेड वेगळा आणि धग वेगळी, असंच ना? अगदी तसंच! पॅनलला उजेड हवा असतो, धग नको असते. पंधरा वर्षं इंग्रजीत शिकलेली गोष्ट मामीने दोन शब्दांत सांगून टाकली.

पण मामा असा सहज पटवून घेणाऱ्यातला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही मोजायचं ठरवलं. पंपाच्या पॅनल्सना हात लावायचा नाही, कारण तिथे बरीच पॅनल्स एकापुढे एक जोडलेली असतात आणि व्होल्टेज जिवावर बेतणारं असतं. घराच्या पत्र्यावर दिव्यासाठी एक छोटं सुटं पॅनल होतं. छत्तीस सेलचं. त्याच्या मागच्या लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज लिहिलं होतं २१.६ व्होल्ट, अर्थात २५ अंश सेल्सिअसला. माझ्याकडे मल्टिमीटर होता आणि मिनी प्रोजेक्टमधला थर्मोकपल. तो पॅनलच्या पाठीला चिकटपट्टीने लावला. मामी खालून विचारते, "हाई काय शे?" मी म्हटलं, पॅनलला ताप आलाय का ते बघतोय!

सकाळी आठला पॅनल ३४ अंशांवर होतं, व्होल्टेज २०.५. दुपारी एक वाजता पॅनल ६१ अंशांवर पोचलं होतं आणि व्होल्टेज होतं १९.१. ऊन वाढलं आणि व्होल्टेज उतरलं! सिलिकॉनच्या एका सेलचं व्होल्टेज दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टने कमी होतं. छत्तीस सेल आणि छत्तीस अंश वाढ, म्हणजे अडीच व्होल्टच्या आसपास घट. वहीत हिशेब केला तर जुळला. अशा पॅनलची ताकद दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने घटते, म्हणजे दुपारी शंभरातले चौदा भाग वाया.

मामाच्या पाणी कमी येण्याला एवढं एकच कारण नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. मे महिन्यात विहिरीची पातळी खाली गेलेली असते, पंपाला जास्त उंच पाणी चढवावं लागतं. पॅनलवर धुळीचा थर असतो. त्यातलं कशाचं किती, हे मोजल्याशिवाय कुणी सांगू नये. पण 'पॅनल खराब निघालं' हा मामाचा निष्कर्ष तरी त्या दिवशी मागे पडला.

आता मला खरा धक्का कुठे बसला ते सांगते. पॅनल तापल्यावर व्होल्टेज का उतरतं हे रात्री पुस्तकात शोधत बसले. कारण असं, की सोलर सेल म्हणजे शेवटी एक मोठा पसरट डायोडच. तो तापला की त्याच्या आतला उलटा करंट, म्हणजे रिव्हर्स सॅच्युरेशन करंट, भराभर वाढतो आणि त्यामुळे व्होल्टेज खाली येतं. म्हणजे कोणता करंट? मी ज्याची उतरती रीडिंग्ज ढापली होती ना, नेमका तोच! मामाच्या प्रश्नाचं उत्तर फर्स्ट इयरच्या त्या तेलात होतं आणि मी तेव्हा पोहे खात होते.

मग पुढचा प्रश्न साहजिक आला. हवा ४३-४४ अंशांवर असताना पॅनल ६१ वर जातं कसं? वरची धग येते कुठून? याचं उत्तर असं, की बरीचशी धग उजेडच आत जाऊन तयार करतो. आणि ही गोष्ट घडायला किती वेळ लागतो? एका सेकंदाच्या एक लाख-कोटीव्या भागाच्या आसपास. त्याला पिकोसेकंद म्हणतात.

थोडं सविस्तर सांगते, कंटाळू नका. सिलिकॉनचा एनर्जी गॅप साधारण १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हिरव्या-निळ्या उजेडाच्या एका फोटॉनकडे असते साधारण अडीच इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा. इलेक्ट्रॉनला उंबरठा ओलांडायला १.१ पुरतात. वरचे १.४ घेऊन तो 'गरम' इलेक्ट्रॉन बनतो आणि लगेच आजूबाजूच्या अणूंना धडका देत ती जास्तीची ऊर्जा उधळून टाकतो. अणू थरथरतात. त्या थरथरीलाच आपण धग म्हणतो. पगाराच्या दिवशीच अर्धा पगार उडवणाऱ्या माणसासारखं हे आहे. घरी पोचते ती उरलेली रक्कम.

सिलिकॉनच्या पॅनलवर पडणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास एक तृतीयांश अशी सुरुवातीलाच उधळली जाते. शिवाय १.१ पेक्षा कमी ऊर्जेचे फोटॉन तर आत घेतलेच जात नाहीत. विल्यम शॉकली आणि हान्स क्वायसर या दोघांनी १९६१ साली हाच सगळा हिशेब मांडून दाखवलं की एकाच गॅपच्या साध्या सेलची कार्यक्षमता एका मर्यादेपुढे जाणार नाही. आजच्या हिशेबाने ती ३३ टक्क्यांच्या आसपास येते. आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ साली उभा राहिला. आपण सगळे मेगावॅटचे आकडे अभिमानाने सांगतो आणि सांगावेतच. पण त्या पॅनल्समधल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनचं नशीब पहिल्या पिकोसेकंदातच बरंचसं ठरून गेलेलं असतं, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मग तुम्ही म्हणाल, एवढ्या कमी वेळात काय घडतं ते बघणार कसं? आमच्या लॅबमधल्या ऑसिलोस्कोपला नॅनोसेकंदातच घाम फुटतो. पिको म्हणजे त्याच्या हजार पट लहान. आणि फेम्टोसेकंद त्याच्याही हजार पट लहान. एका सेकंदाच्या तुलनेत एक फेम्टोसेकंद केवढा? तर सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांच्या तुलनेत एक सेकंद जेवढा, तेवढा!

इथे मला या विषयातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगायची आहे. इतकं वेगवान घड्याळ कुणाकडेच नाही. घड्याळाऐवजी तिथे वापरतात फूटपट्टी.

पद्धतीचं नाव पम्प-प्रोब. लेसरचा अतिशय आखूड झोत, म्हणजे काही दहा फेम्टोसेकंद टिकणारा, आरशाने दोन भागांत वाटायचा. पहिला भाग, पम्प, पदार्थावर पडून इलेक्ट्रॉन उडवतो. दुसरा भाग, प्रोब, थोड्या वेळाने त्याच जागी येऊन बघतो की आता काय अवस्था आहे. हा 'थोडा वेळ' कसा ठरवायचा? दुसऱ्या झोताला थोडा लांबचा रस्ता द्यायचा. प्रकाश एका फेम्टोसेकंदात ०.३ मायक्रोमीटर जातो. म्हणजे आरसा १५ मायक्रोमीटर मागे सरकवला, तर जाऊन-येऊन ३० मायक्रोमीटरचा जादा रस्ता आणि १०० फेम्टोसेकंदांचा उशीर. १५ मायक्रोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा पाचवा भाग वगैरे. तेवढं सरकवणारा स्क्रू बाजारात मिळतो. जगातलं सगळ्यात वेगवान घड्याळ म्हणजे एक हळूहळू सरकणारा आरसा, हे वाचून मी एकटीच हॉस्टेलवर हसत होते.

पण या पद्धतीत एक मोठी अट आहे. पम्प पडल्यामुळे प्रोबमध्ये होणारा फरक फार बारीक असतो, अनेकदा दहा हजारात एक भाग. एका रीडिंगने काही कळत नाही. म्हणून पम्प चालू, पम्प बंद, चालू, बंद, असं हजारो वेळा मोजून सरासरी घ्यायची. मग आरसा एक पाऊल सरकवायचा आणि पुन्हा तेच. रात्ररात्र हे काम चालतं. इथे कुणी 'उतरता कॉलम' कॉपी केला तर काय होईल? जो फरक शोधायला एवढा खटाटोप केला, तोच पुसला जाईल. तेल तापताना आणि गार होताना जो किंचित फरक पडतो त्याला मी कटकट समजत होते. या लोकांचं सगळं आयुष्य त्या किंचित फरकावर उभं आहे.

आता हे सगळं फक्त परदेशात चालतं असा आपला गैरसमज असतो. माझाही होता. मुंबईत तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात हिरेंद्रनाथ घोष यांच्या गटाने क्वांटम डॉट्समध्ये उजेड पडल्यावर इलेक्ट्रॉन किती वेळात कुठे जातो यावर वर्षानुवर्षं काम केलं. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांची अतिआखूड, अतितीव्र लेसर झोतांची प्रयोगशाळा आहे आणि श्रीगणेश प्रभू यांचं टेराहर्ट्झवरचं काम आहे. आणि पुण्याला, आयसर संस्थेत, २०१६ साली जे झालं ते मी थोडं जास्त सांगते, कारण माझ्या मल्टिमीटरशी त्याचं नातं आहे.

प्रश्न असा होता. सीझियम, शिसं आणि ब्रोमिनच्या पेरोव्हस्काइटचे कण, आकार दहा-अकरा नॅनोमीटर. त्यातून विद्युतभार किती सहज पळतात हे मोजायचं. मल्टिमीटरच्या पिना कुठे लावणार? एवढ्या कणाला वायर जोडायची म्हणजे मुंगीला बैलगाडी जुंपण्यासारखं. पंकज मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे टेराहर्ट्झ झोत वापरला. टेराहर्ट्झ लहरीचं एक आंदोलन साधारण एका पिकोसेकंदाचं असतं. आधी लेसरने इलेक्ट्रॉन मोकळे करायचे, मग हा झोत त्यातून सोडायचा. मोकळे इलेक्ट्रॉन झोताबरोबर हलतात आणि त्याची थोडी ताकद खातात. किती खाल्ली त्यावरून कणाची वाहकता कळते. म्हणजे हात न लावता घेतलेलं मल्टिमीटरचं रीडिंग! 'नॅनो लेटर्स' या नियतकालिकात त्यांनी प्रसिद्ध केलेली मोबिलिटी होती सुमारे ४५०० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद. शुद्ध सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची साधारण १४०० असते. हा पदार्थ उद्या मामाच्या शेतात लागेल असं मी म्हणत नाही. त्यात शिसं आहे, ओलावा आणि उष्णता त्याला सोसत नाही, आणि खान्देशात दुसऱ्या गोष्टीची काय कमी आहे! पण पुढे कुठे शोधायचं हे अशा मोजणीतूनच कळतं.

ग्राफीनचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. २००४ साली आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे काढत काढत कार्बनचा एक अणू जाडीचा थर मिळवला आणि २०१० साली त्यांना नोबेल मिळालं. हा एका अणूचा पापुद्रा त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी २.३ टक्के शोषतो. लगेच पेपरांत आलं की सोलर सेलमध्ये क्रांती होणार. पण फेम्टोसेकंद लेसरने बघितलं तेव्हा खरी गोष्ट कळली. ग्राफीनमधला गरम इलेक्ट्रॉन काही दहा फेम्टोसेकंदांत आपली ऊर्जा शेजारच्या इलेक्ट्रॉनांना वाटतो. हे चांगलंच, कारण ती थेट धग होऊन जात नाही. पण ग्राफीनला एनर्जी गॅपच नाही. उंबरठाच नसलेल्या घरात माणूस जसा आत येतो तसा बाहेर जातो. एक-दोन पिकोसेकंदांत सगळं थंड. म्हणून वेगवान फोटोडिटेक्टरसाठी ग्राफीन उत्तम, पण एकट्याच्या जिवावर पॅनल होणं त्याला जमणार नाही. जाहिरात आणि वस्तुस्थिती यांतला फरक एका आरशाच्या सरकण्याने दाखवून दिला.

जपानमध्ये ओकिनावाच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत केशव दाणी यांचा फेम्टोसेकंद स्पेक्ट्रोस्कोपीचा गट आहे. २०१६ साली त्यांनी दोन सेमीकंडक्टरच्या सांध्यावरून इलेक्ट्रॉन एका बाजूकडून दुसरीकडे सरकतानाची चक्क फिल्म दाखवली. सोलर सेलमध्ये जे घडतं असं आपण पुस्तकात बाण काढून दाखवतो, ते त्यांनी घडताना बघितलं. आणि २०२३ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते पिएर अगोस्तिनी, फेरेन्क क्राउस आणि अॅन लुइलिए यांना, फेम्टोच्याही खालच्या अॅटोसेकंद झोतांसाठी.

आता मुद्द्यावर येते. माझं मत असं आहे, की आपल्या भागातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना या विज्ञानापासून लांब ठेवतं ते आपल्याकडे लेसर नसणं नव्हे. लांब ठेवते ती खोट्या रीडिंगची सवय.

लेसर नाही हे खरंच आहे. फेम्टोसेकंदचा लेसर कोट्यवधींच्या घरात जातो, कॉलेजकडे तेवढे पैसे नाहीत आणि ते कुणी मागूही नयेत. पण विज्ञान सुरू करायला तो लागत नाही. आपल्या अमळनेरचंच बघा. विप्रोची सुरुवात १९४५ साली तिथे तेलाच्या गिरणीने झाली हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातल्या नॅनोमटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीने वायू ओळखणाऱ्या सेन्सर्सवर किती शोधनिबंध काढले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? तालुक्याच्या गावात राहून नॅनो पदार्थांवर काम होतं. त्याला लागतात साधी उपकरणं आणि खरी रीडिंग्ज.

मी धुळ्याची, म्हणून एक घरचं उदाहरण देते. आमच्याकडे राजवाडे संशोधन मंडळ आहे. शाळेत असताना सहलीने आम्हाला तिथे नेलं होतं आणि तेव्हा आम्हाला सगळ्यांना कंटाळा आला होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जुने कागद गोळा केले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने २२ खंड काढले. त्यांचा हट्ट एकच, आधी अस्सल कागद दाखवा, मग इतिहास सांगा. आता वाटतं, प्रॅक्टिकलचं जर्नल म्हणजे दुसरं काय असतं? तोही एक कागदच. अस्सल असेल तर त्याला किंमत, नाहीतर रद्दी.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, "अगं, प्लेसमेंटमध्ये कुणी तेलाचं तापमान विचारतं का?" नाही विचारत. आणि सगळ्यांनी पीएच.डी. करावी असंही माझं म्हणणं नाही, मलाही नोकरी हवीच आहे. घरच्या कर्जाचे हप्ते मला माहीत आहेत. पण उद्या आपल्यापैकीच कुणी सोलरच्या कंपनीत जाईल, कुणी महावितरणला लागेल, कुणी चिपच्या कारखान्यात. तिथे कुणाच्या तरी मामाला 'तुमचं पॅनल चांगलं आहे की खराब' हे आपणच सांगणार. तेव्हा मीटर लावून सांगणार की मागच्या वर्षीचा रिपोर्ट बघून? सवय तर आजच लागतेय.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मुलं म्हणतात, खरं रीडिंग लिहिलं आणि उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर मार्क्स जातात. हे अगदी खरं आहे, आणि इथे दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. उत्तर जुळलं तर पूर्ण मार्क्स आणि नाही जुळलं तर 'पुन्हा कर', असा जिथे नियम असेल तिथे पोरं जुळवणारच. म्हणून माझी सर-मॅडमना नम्र विनंती आहे. वर्षातून निदान एक प्रयोग असा द्या ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. मार्क्स द्या ते रीडिंग कसं घेतलं आणि चूक कुठे असू शकते हे सांगण्याला.

असा प्रयोग शोधायला लांब जायलाही नको. कॉलेजच्या गच्चीवर एक पॅनल ठेवू या. पाठीला थर्मोकपल, शेजारी मल्टिमीटर. रोज एका बॅचने तीन वेळा तापमान आणि व्होल्टेज लिहायचं. जूनपासून मेपर्यंत. पॅनलवरचे लेबलचे आकडे २५ अंशांचे असतात. आमच्या जळगावात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो! इथल्या उन्हात पॅनल वर्षभर कसं वागतं याची वही आपल्या कॉलेजकडे असेल, तर ती मामासारख्या शेकडो शेतकऱ्यांच्या कामाची आहे. ज्यांना त्याहून खोल जायचं आहे त्यांच्यासाठी विज्ञान अकादमींच्या समर फेलोशिप असतात, त्यांना इंजिनिअरिंगची मुलंही अर्ज करू शकतात. पुणे-मुंबई काही चंद्रावर नाही, रात्रीच्या गाडीने सकाळी पोचतो.

आणि एक शेवटचं. हा लेख मी इंग्लिश सेक्शनला दिला असता तर मला दोन तासांत लिहून झाला असता. मराठीत दोन आठवडे लागले, आणि शुद्धलेखन आईने तपासलंय! पण मामाच्या पत्र्यावर मला जे सुचलं नाही ते निदान कागदावर तरी त्याच्या भाषेत लिहावं असं वाटलं. इलेक्ट्रॉनला मराठी शब्द नाही सापडला तरी चालेल. 'उजेड' आणि 'धग' आधीपासून आहेतच की.

या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी लॅब असिस्टंट काकांना विनंती करून तो तेलाचा प्रयोग पुन्हा केला. या वेळी तेल पूर्ण गार होईपर्यंत थांबले. उतरती रीडिंग्ज चढत्यांशी जुळली नाहीत. उतरताना त्याच तापमानाला करंट थोडा जास्त येत होता. का, ते शोधतेय. बहुधा तेलाबरोबर डायोड लगेच गार होत नसावा आणि थर्मामीटर तेलाचं तापमान सांगतो, डायोडचं नाही. उत्तर आलं ०.६३. पुस्तकाशी जुळत नाही, पण माझं आहे. जुन्या जर्नलमध्ये त्या पेन्सिलच्या गोलाशेजारी लिहून ठेवलंय.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन